शुभारंभाचा आणि बहुधा शेवटचा

महिना संपत आला की छोट्या नाट्यगृहांच्या आगामी प्रयोगांची यादी फोनवर येऊन पडते. हॉल पुण्यातला असो, दादर-माहीमचा असो, नाशिकचा नाही तर कोल्हापूरचा असो, यादी साधारण सारखीच. काळ्या रंगावर एक चेहरा, अर्धा उजेडात नि अर्धा अंधारात. नाटक प्रायोगिक असल्याची ही आता सर्वमान्य खूण झाली आहे. (विनोदी असेल तर चेहरा पूर्ण उजेडात आणि तोंड उघडं.) शेजारी लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, आणि 'विशेष आभार' या मथळ्याखाली निम्मं गाव. या सगळ्याच्या वर लाल गोलात पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'शुभारंभाचा प्रयोग'.

बहुतेक नाटकांपुढे हा लाल गोल असतो. मागच्या महिन्याच्या यादीतही होता, त्याच्या मागच्याही. त्या शुभारंभांचं पुढे काय झालं, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर दिग्दर्शक लांब कुठेतरी बघत म्हणतो, "दुसऱ्या प्रयोगाच्या तारखा जुळवतोय." हे वाक्य कानावर पडलं की नाटकाला मनातल्या मनात श्रद्धांजली वाहायला हरकत नाही.

मराठीत नवी नाटकं येत नाहीत अशी रड कोणी घातली तर त्याला ही यादी दाखवा. येतात, ढिगाने येतात. शनिवारी साडेसातला तिसरी घंटा होते, सव्वानऊला टाळ्या, साडेनऊला ग्रुप फोटो, दहाला टेम्पो. टेम्पोत जे चढतं ते परत उतरताना कोणी पाहिलेलं नाही. छोट्या रंगभूमीवर सध्या शुभारंभांचा सुकाळ आहे आणि तिसऱ्या प्रयोगाचा दुष्काळ. मला एवढंच म्हणायचं आहे. बाकीचं पुढचं सगळं त्याचाच पंचनामा.

यादी वरून खाली वाचू. सगळ्यात वर हल्ली अभिवाचन. चार खुर्च्या, चार स्टँड, चार काळे कुर्ते, हातात स्पायरल बाइंडिंगची संहिता. अभिवाचन म्हणजे पाठांतर न झालेलं नाटक, असं म्हटलं की नाटकवाले चिडतात. चिडू देत. नुसत्या आवाजातून माणसं उभी करणं फार अवघड आहे आणि ते करणारे लोक आपल्याकडे आहेत, हे मला मान्य आहे. पण यादीतली बाकीची अभिवाचनं टेम्पोचं भाडं वाचावं म्हणून जन्माला आलेली आहेत. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हालचाली नाहीत, तालमी दोन, त्यातली एक ऑनलाइन. 'तो खिडकीशी जातो' ही कंसातली सूचना निवेदक आवाज लावून वाचतो, आणि 'तो' खुर्चीत बसूनच राहतो.

त्याखाली दीर्घांक. एखाद्या एकांकिकेला करंडक मिळाला की तिच्यावर ही पाळी येते. चाळीस मिनिटांत जे नेमकं बसलं होतं ते ऐंशी मिनिटांचं करायचं. गोष्ट तेवढीच राहते. वाढतात ते ब्लॅकआउट, पार्श्वसंगीत आणि नायकाचं शून्यात बघणं. मग दोन पात्रांचं नाटक: एक तो, एक ती, एक बाक. या तिघांत बाक सर्वांत अनुभवी. त्याला मालिकेचं शूटिंग नसतं, प्रयोगामागे नाइटचं मानधन द्यावं लागत नाही आणि पाठांतर विसरण्याचा प्रश्न नाही. त्याखाली एकपात्री, ज्यात 'तो' नाही तर 'ती' कमी झालेली असते. हा क्रम असाच चालू राहिला तर येत्या काही वर्षांत नुसत्या बाकाचा शुभारंभ होईल आणि त्यावर परिसंवाद ठेवता येईल.

हमखास हाउसफुल जाणारा मात्र या यादीत एकच कार्यक्रम, अभिनय कार्यशाळेच्या समारोपाचं नाटक. पंचवीस शिबिरार्थी, प्रत्येकाला दीड वाक्य, आणि प्रत्येकामागे आई, वडील, मावशी, आत्या नि सोसायटीचे सेक्रेटरी. आपल्या मुलाचं दीड वाक्य झालं की ते ते कुटुंब वाकून बाहेर पडतं. अर्थकारणाच्या बाजूने इतकं निर्दोष नाटक मराठीत दुसरं नाही.

अर्थकारणाचं निघालंच आहे तर हिशेब करू, म्हणजे नाटकवाल्यांवर अन्याय नको. शंभर खुर्च्यांचा हॉल धरा आणि दोनशेचं तिकीट धरा. सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या तर वीस हजार रुपये. त्यातून हॉलचं भाडं, जादा लाइटचं भाडं, टेम्पो, सेट लावायला-उतरवायला माणसं, चहा-वडापाव, तिकीटविक्रीच्या ॲपचं कमिशन आणि लेखकाचं मानधन. लेखकाचं मानधन शेवटी लिहिलं, कारण आठवतंही ते शेवटीच. तालमीच्या जागेचं भाडं तर महिनाभर आधीच गेलेलं असतं. त्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र आणण्याची खटपट. आपण त्याला नुसतं सेन्सॉर म्हणतो. मंडळावर हवी तेवढी टीका करा, पण नाटक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचणारा माणूस काही नाटकांना तिथेच काय तो मिळतो.

शिवाय सगळ्या खुर्च्या विकल्या जातात कुठे? पहिल्या दोन रांगा राखीव. तिथे कोण बसतं? समीक्षक, माजी नाटकवाले, ज्यांनी तालमीला गच्ची दिली ते काका, ज्यांच्या दिवाणखान्यातून आरामखुर्ची आणली त्या काकू, आणि ज्यांना पास दिला नाही तर वर्षभर ऐकवतील असे चार जण. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. याला सरकारचा उदारपणा म्हणावं की इथून काही मिळणार नाही ही सरकारची समज, ते ठरवता येत नाही.

म्हणजे पहिल्या प्रयोगाला खड्डा पडणार हे ठरलेलंच. पण तो खड्डा भरायचा कधी? दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या प्रयोगात. सेट तयार, कपडे तयार, प्रमाणपत्र हातात, पाठांतर पक्कं. खर्च उतरणीला लागतो आणि कमाई सुरू व्हायची असते, नेमकी त्याच रात्री मंडळी घरी जातात. विहीर खणून पाणी लागलं, की 'वा, पाणी लागलं!' म्हणत फोटो काढून ती बुजवायची, अशातला हा प्रकार. नंतर तीच मंडळी नव्या विहिरीसाठी देणगीदार शोधत फिरतात, आणि देणगीदारही सापडतो, कारण पाटी त्याच्या नावाची शुभारंभालाच लागते. सातव्या प्रयोगाला देणगी दिली असं कोणी पेपरात छापून आणत नाही.

शुभारंभाचा प्रेक्षक हीही एक चीज आहे. ही ठरलेली शंभर माणसं. यातले साठ स्वतः नाटक करतात. तुम्ही आमच्या शुभारंभाला आलात म्हणून आम्ही तुमच्या, असा सगळा फिटंफाटीचा व्यवहार. प्रयोग संपल्यावर आत भेटायला जायचं असतं आणि तिथे काय बोलायचं याचीही परिभाषा ठरून गेलेली आहे. "वेगळा प्रयत्न आहे" म्हणजे कळलं नाही. "सगळ्यांनी खूप मेहनत घेतलीय" म्हणजे आवडलं नाही. "लाइट्स काय सुंदर होते!" म्हणजे नटांबद्दल बोलायला लावू नका. आणि "निवांत बोलू" म्हणजे पुन्हा कधीच बोलणार नाही. बाहेर येऊन चहाच्या टपरीवर खरं बोललं जातं, पण ते ऐकायला दिग्दर्शक नसतो. तो आत फोटोत.

ही शंभर माणसं पहिल्याच रात्री येऊन गेली की दुसऱ्या प्रयोगाला कोण येणार, हा प्रश्न उरतो. नाटक न करणारा, कोणाचाही नातलग नसलेला, नुसता नाटक बघायला आलेला माणूस यायला वेळ लागतो. त्याला कोणीतरी सांगावं लागतं, मग तो बायकोला विचारतो, मग पुढच्या शनिवारी बघू म्हणतो. तोपर्यंत नाटक संपलेलं. पेपरात समीक्षा येते तीही तेव्हाच. समीक्षकाने 'आवर्जून पाहावं असं' लिहिलं तरी पाहायचं कुठे? आपल्याकडे छोट्या नाटकांची समीक्षा मृत्युलेखाच्याच चालीवर लिहिली जाते: गुणांचा गौरव, उणिवांचा ओझरता उल्लेख, आणि पोकळी भरून न निघण्याची काळजी.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाचा उल्लेख केल्याशिवाय प्रायोगिक माणूस ऐकून घेत नाही. 1972 साल घ्या. त्या वर्षी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणलं. तेरा प्रयोग झाले आणि सेन्सॉर आडवं आलं. सारंग उच्च न्यायालयात गेले, भांडले, जिंकले. 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात त्यांनी ती सगळी यातायात लिहून ठेवली आहे. ही लढाई कशासाठी होती? चौदाव्या प्रयोगासाठी. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शक जब्बार पटेल. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी काढली आणि 1974 पासून घाशीराम पुन्हा सुरू केलं. 1980 मध्ये ते थेट युरोपात नेलं. एक आख्खी संस्था विसाव्या प्रयोगापायी जन्माला आली!

आणि आपण? आपल्याला मंडळ अडवत नाही, मोर्चा येत नाही, कोणी बस रोखत नाही. आपल्या नाटकाच्या तिसऱ्या प्रयोगाला विरोध करायला एक माणूस फिरकत नाही. तरीही तो होत नाही. तेंडुलकरांच्या नाटकांना बंदी घालायला सरकार नाही तर संस्थेचा अध्यक्ष लागत होता. आमची नाटकं आमचीच आम्ही, स्वखर्चाने, बंद पाडतो.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," हे यावरचं ठरलेलं उत्तर. होती ना. 1974 पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं सुरू केली तेव्हा तिथे सोय म्हणावी असं काही नव्हतं. तो शाळेचा हॉल होता. खाली गल्ली, गल्लीत दादर, आणि दादरात जे जे ऐकू येतं ते सगळं नाटकात. तरी तिथे एक सवय लागली होती की अमुक वारी गेलं तर काहीतरी चालू असेल. पुढच्या पिढीला इमारत तरी मिळाली. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी जागा मिळाली, छोट्या नाटकाला साजेशी, चालवणारी माणसं नाटकातली. खुर्च्या आल्या, एसी आला, डिमर आले. गेली ती सवय.

'तारखा मिळत नाहीत' हे दुसरं उत्तर, आणि ते निम्मं खरं आहे. चार नटांपैकी दोघे मालिकेत, एक नोकरीत, एक दुसऱ्याच्या शुभारंभात. मालिकेवाल्याला शूटिंगचं वेळापत्रक आदल्या रात्री कळतं, आणि त्याचा घराचा हप्ता मालिका भरते, बाक भरत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण पर्यायी नट तयार ठेवायचा असतो, एका भूमिकेत दोघांनी उभं राहायचं असतं, ही पद्धत आपण का सोडली? कारण एकच प्रयोग करायचा असेल तर पर्यायी नटाची गरजच काय!

उरलेलं निम्मं कारण आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि ते स्पर्धेतून आलं. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून, पुरुषोत्तम करंडक 1963 पासून. या स्पर्धांनी मराठीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले हे सांगायला मी नको. पण स्पर्धेच्या नाटकाला प्रेक्षक तीनच: परीक्षक. ते एका रात्रीसाठी बसवायचं, एका रात्री जिंकायचं किंवा हरायचं, आणि मग परीक्षकांना शिव्या घालत घरी जायचं. विशीत लागलेली ही सवय चाळिशीत सुटत नाही. मग स्वतःच्या खिशातून पैसे घालून केलेलं नाटकसुद्धा माणूस परीक्षकांसाठी करतो आणि परीक्षक नाहीत म्हणून राखीव रांगेत बसवतो.

व्यावसायिकवाल्यांना आपण हसतो, तेच ते विनोद करतात म्हणून. प्रशांत दामल्यांनी 6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंदात आपला 12,500 वा प्रयोग केला. हा आकडा प्रायोगिक माणसाला सांगितला की तो म्हणतो, "हो, पण ते व्यावसायिक." बरं, व्यावसायिक नको. पॅरिसमध्ये ह्युशेत नावाचं एक थिएटर आहे. जेमतेम नव्वद खुर्च्या, आपल्या कुठल्याही छोट्या हॉलएवढं. तिथे 1957 पासून आयनेस्कोची दोन छोटी नाटकं चालू आहेत. मधे करोनाची सक्तीची सुट्टी झाली, ती सोडून. आयनेस्को म्हणजे न-नाट्यवाला, असंबद्धवाला, आपल्या प्रायोगिकांच्या देव्हाऱ्यातला. नट बदलले, म्हातारे झाले, गेले. नव्वद खुर्च्यांतलं न कळणारं नाटक चालूच. याच आयनेस्कोचं 'खुर्च्या' विजया मेहतांनी रंगायन संस्थेसाठी मराठीत केलं होतं. त्यात एक म्हातारं जोडपं न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्यांवर खुर्च्या मांडत राहतं. फ्रेंचांनी आयनेस्कोकडून नेमाने प्रयोग करणं उचललं. आपण रिकाम्या खुर्च्या उचलल्या आणि त्या प्रेक्षागृहात नेऊन ठेवल्या.

एवढं लांब जायला नको असेल तर जुहूचं पृथ्वी थिएटर आहे. दोनशेच्या आसपास खुर्च्या, उद्घाटन 5 नोव्हेंबर 1978 ला, आणि उद्घाटनाचं नाटक गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांना घेऊन. मूळ मराठी नाटकाने सुरू झालेली ती छोटी जागा आजही आठवड्याचे सहा दिवस गजबजलेली असते, आणि नाटक बघितलं नाही तरी लोक निदान तिथली आयरिश कॉफी प्यायला जातात. आपल्या हॉलबाहेर चहा मिळत नाही अशातला भाग नाही. पण तिथे उभे असतात ते नाटकवालेच.

पहिल्या रात्रीच्या प्रयोगाबद्दल खरं सांगायचं तर तो बघण्यासारखा क्वचितच असतो. नटांचं लक्ष पुढच्या वाक्यावर, लाइटवाल्याचं कागदावर, दिग्दर्शकाचं राखीव रांगेवर. कुठे थांबायचं हे नटाला पाचव्या-सहाव्या प्रयोगात कळतं, आणि कुठलं पान फाडायचं हे लेखकाला दहाव्यात. प्रेक्षकांनी एका जागी हसून आणि दुसऱ्या जागी खोकून नाटक तासायचं असतं. आपली नाटकं कच्ची का वाटतात याची चर्चा दरवर्षी होते. ती भट्टीतून पहिल्याच आचेला बाहेर काढली जातात, म्हणून.

तेव्हा हॉलवाल्यांनी एक करावं. एका तारखेला जागा देऊच नये. चार तारखा एकदम घ्या, चार आठवड्यांत चार प्रयोग करा, भाडं चौथ्याला कमी लावू, असं सांगावं. ज्यांना परवडत नाही त्यांचं नाटक कमी होईल. होऊ दे. महिन्याला दहा शुभारंभांऐवजी दोन नाटकांचे पाच-पाच प्रयोग लागले तर मराठी संस्कृतीचं काहीही बिघडणार नाही. बिघडेल ते फक्त ग्रुप फोटोंचं. जाहिरातीवर कितवा प्रयोग तो आकडा मोठ्या अक्षरांत छापा आणि 'विशेष आभार' बारीक करा. पेपरवाल्यांनीही समीक्षा तिसऱ्या प्रयोगानंतरच लिहावी. समीक्षकांना पुढच्या वेळी तिकीट काढून बसवलं तर त्यांच्या मतांना आपोआप धार येईल, असाही माझा अंदाज आहे.

आणि 5 नोव्हेंबरचं काहीतरी करा. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, त्या आठवणीचा हा मराठी रंगभूमी दिन. दरवर्षी त्या दिवशी नटराजपूजन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि 'मराठी रंगभूमीसमोरील आव्हाने' हे भाषण होतं. या वर्षी प्रत्येक छोट्या हॉलने ती संध्याकाळ कुठल्याही एका नाटकाच्या तिसऱ्या प्रयोगाला द्यावी. पूजन नको, भाषण नको, नारळ नको. तिकीट दोनशे रुपये ठेवावं, राखीव रांग काढून टाकावी आणि पास कोणालाही देऊ नये. मलाही.